पाटावरचा पाना

डिकी उघडली तर आत स्टेपनी, पाण्याची एक बाटली आणि गोणपाटाचा तुकडा. त्या गोणपाटावर जॅक आणि पाना असायला हवा होता. मी गोणपाट झटकलं तर झेंडूची एक पाकळी पडली. स्टेपनी सरकवून खाली हात घातला. वंगणानं दोन्ही हात काळे झाले, बाकी काही हाताला लागलं नाही.

"आई, जॅक कुठं गेला?"

सासूबाई रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडावर बसल्या होत्या. मांडीवर पूजेचं ताट, त्यावर धुतलेलं फडकं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग समोरच्या डोंगराकडं पाहिलं.

"नीट बघ," त्या म्हणाल्या.

आमच्या घरात 'नीट' हा शब्द खास माझ्या वाट्याला आलेला होता. नीट लाट, नीट घडी घाल, नीट बोल. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि माझं एकही काम अजून नीट झालेलं नव्हतं. मी पुन्हा बघितलं, चांगलं नीट बघितलं. जॅक नव्हता.

सुर्ली घाटातलं अर्ध्यावरचं वळण, मागचं डावं चाक रिमवर बसलेलं, आणि डोकं भाजून काढणारं ऊन. मोबाइलला रेंज नाही. ही गोष्ट पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची. तेव्हा घाटात शिरलं की फोनचा उपयोग फक्त वेळ बघण्यापुरता उरायचा, आणि तीच मला बघवत नव्हती. बाराच्या आत आम्हाला विट्याला पोचायचं होतं.

बाराच्या आतच का, ते आधी सांगते. माझे सासरे अण्णा विट्यातल्या एका वर्कशॉपमध्ये टर्नर होते. यंत्रमागाचे सुटे भाग तिथं बनत. सगळी नोकरी त्यांनी लोखंड कातणाऱ्या एकाच लेथ मशीनवर काढली. घर कराडात, पण ते विट्याला खोली करून राहायचे, शनिवारी यायचे आणि रविवारी संध्याकाळी परत निघायचे. "जावा, सवत वाट बघत आसंल," असं म्हणून सासूबाई त्यांच्या हातात डबा द्यायच्या. घरात त्या लेथचं नावच सवत पडलं होतं. अण्णा हसायचे आणि जाताना त्यांचं एखादं जुनं लुगडं मशीन पुसायला म्हणून पिशवीत कोंबायचे. एकदा तर त्यांनी मोरपंखी इरकल नेलं. ते काही फार जुनं नव्हतं. त्यावरून झालेलं भांडण मी लग्न होऊन आल्यावरसुद्धा अधूनमधून ऐकत होते.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा. त्या दिवशी अण्णा लेथला हार घालायचे, नारळ फोडायचे. निवृत्त झाल्यावरही हा नेम सुटला नाही. सासूबाई पहाटे उठून ताट तयार करून द्यायच्या आणि ते एसटीनं जाऊन पूजा करून यायचे. दरवर्षी ताट जायचं, सासूबाई घरी राहायच्या. तिथं बायकामाणसांचं काय काम, असा तो काळ होता, आणि त्यांनीही कधी हट्ट केला नाही.

त्या वर्षी श्रावणात अण्णा गेले. नवरात्रात त्यांचे जोडीदार हणमंतराव यांचा फोन आला. मालकाच्या मुलानं वर्कशॉप बंद केलं होतं. सगळी मशिनं कराडच्या एका भंगारवाल्याला दिली होती, आणि खंडेनवमीला दुपारीच ट्रक येणार होता. "वहिनींना घेऊन या," हणमंतराव मला म्हणाले. "औंदाची पूजा त्यांच्या समोर करू. पण बाराच्या आत या. पुढं ट्रक थांबायचा न्हाई."

मी सासूबाईंना विचारलं, तेव्हा त्या बराच वेळ गहू निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला ती एकदा बघायची हाय. तुकडं व्हायच्या आत."

चार वर्षांत माझ्याकडं त्यांनी मागितलेली ही पहिली गोष्ट. माझा नवरा शेखर पुण्याला कंपनीत, त्याला सुट्टी नव्हती. गाडी मला येत होती, खुद्द अण्णांनीच शिकवली होती. तेव्हा मी म्हटलं, मी नेते तुम्हाला. फार मोठ्या तोऱ्यात म्हटलं होतं.

आणि आता हे.

"शेखरनं दिला असणार कुणाला तरी," मी डिकी आपटली. "दानशूर कर्ण. मागच्या महिन्यात शिडी दिली, ती अजून आली नाही. मिक्सर दिला, तो आला तर भांडं नाही. आता जॅक. घरात बायको कशी चालवते, काही विचार?"

खरं तर सासूबाईंकडं बघून मी तिथंच ओळखायला हवं होतं. शेखरला कुणी नुसतं 'वाळलास' म्हटलं तरी अंगावर धावून जाणारी ही बाई. मी त्याची सात पिढ्यांची उजळणी करत होते आणि त्या मात्र ताटावरच्या फडक्याची टोकं सारखी करत होत्या.

वरून डाळिंबाच्या क्रेट भरलेली एक पिकअप आली. मी हात केला. चालक भला होता, उतरला. जॅक काढला, गाडी उचलूनही दिली. मग पाना लावला. तो नटावर नुसता गोल फिरला.

"माझा मोठा हाय," तो म्हणाला. "तुमचा नट बारीक."

"फडकं गुंडाळून बघा ना."

त्यानं फडकं गुंडाळून बघितलं. फडकं फाटलं. पक्कड लावली, ती घसरून त्याचं बोट सोललं. त्यानं बोट तोंडात घातलं आणि माझ्याकडं असं पाहिलं, जणू नट मीच आवळून ठेवलेत. शेवटी जॅक उतरवून घेत म्हणाला, "खाली फाट्यावर पंक्चरवाला हाय. चला, सोडतो."

"जा तू," सासूबाई म्हणाल्या. "मी हितं बसती."

फाट्यावरचं दुकान उघडं होतं. ते बघून मला इतकं हायसं वाटलं, की पिकअपमधून उडी टाकतानाच हाक मारली. दुकानदार बाजेवर बसला होता. धोंडीराम त्याचं नाव, पाटीवर मोठ्या अक्षरांत होतं. पण पंक्चरवाला म्हणावा असा तो दिसत नव्हता. पांढरा सदरा, कपाळाला गंध, नखं स्वच्छ. त्याच्या मागं हवेच्या टाकीला हाताएवढा जाड हार, आणि भिंतीशी पाटांवर सगळे पाने, पकडी, टॉमी, हातोडे ओळीनं निजवलेले. प्रत्येकावर हळदकुंकू आणि एकेक फूल.

"पाना पाहिजे," मी म्हटलं. "वर घाटात गाडी अडकलीय. चाक मी बदलते. तुम्ही नुसता पाना द्या."

"बसलाय त्यो," धोंडीराम म्हणाला.

"कुठं बसलाय?"

"पूजंला." त्यानं पाटाकडं हात केला. "आज खंडेनवमी. उद्या दसऱ्याला उठवायचा."

"तासाभरात आणून देते."

"ताई, तुमी उद्या या. फुकाट काढून देतो पंक्चर. चा पण पाजतो."

"उद्या नको. आज पाहिजे. माझ्या सासूबाई वर उन्हात बसल्यात."

"त्यास्नी हितं आणा की. सावलीत बसूद्या."

मला रडू यायचं बाकी होतं. त्याला सगळं सांगितलं. विटा सांगितलं, लेथ सांगितला, ट्रक सांगितला. त्यानं मन लावून ऐकलं, दोनदा चक्‌चक्‌ केलं. मला वाटलं, विरघळला.

"टर्नर व्हते म्हणता?" तो म्हणाला. "मग तर त्यास्नी पटलं आसतं माझं. पूजंतलं हत्यार त्यांनी उचललं आसतं का?"

"अहो, एखादा जुना असेल ना? गंजका, मोडका. जो पूजेत ठेवलेला नाही असा."

"येकाला वगळून कसं चालंल? वरीसभर त्यानं बी काम केलंय. त्याला काय वाटंल?"

मी बाजेच्या कडेला बसले आणि त्यानं दिलेला चहा प्यायले. चहा उत्तम होता, त्याचाही राग आला.

"पर तुमच्या गाडीतला कुठं गेला?" धोंडीरामनं विचारलं.

"माहीत नाही. काल संध्याकाळी मी हवा भरून आणली तेव्हा डिकीत होता. आता नाही."

"मग एका रातीत कुठं जाईल?" तो हसला. "घरातच आसंल की. पाटावर."

चहाचा कप माझ्या हातात तसाच राहिला. काल संध्याकाळी होता, म्हणजे पुण्यात बसलेल्या शेखरनं तो दिला नव्हता. मला गोणपाटातली झेंडूची पाकळी आठवली. ताटातून उडून आली असेल म्हणून मी ती सोडून दिली होती. पण ताट तर पहिल्यापासून सासूबाईंच्या मांडीवर होतं, डिकीजवळ आलंच नव्हतं.

धोंडीरामनं स्वतःच्या मोटारसायकलवरून मला वर सोडलं. "मोटारसायकलची पूजा उद्या, तिला हात लावला तर चालतं," एवढी सूट त्यानं स्वतःला दिली. सासूबाईंना वाकून नमस्कार केला आणि गेला. माझ्या नाही पडला पाया.

तेव्हा बारा वाजून गेले होते. मी सासूबाईंच्या समोर जाऊन उभी राहिले.

"जॅक आणि पाना घरी पाटावर आहे ना?"

त्यांनी ताटावरचं फडकं सरळ केलं.

"आई, मी विचारतेय."

"व्हय," त्या म्हणाल्या. "देवघरात."

"कधी काढलात?"

"पहाटं. तू निजली व्हतीस."

"आज आपल्याला याच गाडीनं जायचंय, हे माहीत असून?"

"माझ्या ध्यानातच आलं न्हाई बघ. चाक बसंल आसं कुणाला वाटलं व्हतं?"

"आणि मी इतका वेळ शेखरला बोलत होते ते?"

"बोललीस," त्या म्हणाल्या. "मी आडवलं का?"

मी हसले असते, दुसऱ्या एखाद्या दिवशी. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात नुसती आग होती. "घरातल्या गेलेल्या माणसाचं वर्ष पुरं व्हायच्या आत सण करायचा नाही म्हणालात. मला दाराला तोरण लावू दिलं नाहीत. देवीपुढं घट बसवला नाहीत. आणि स्वतः चोरून पाटावर पूजा मांडलीत? तीही गाडीच्या जॅकची?"

"त्यो सण नव्हता."

"मग काय होतं?"

मला अशा वेळी थांबता येत नाही, तेव्हाही आलं नाही. "एवढी एक गोष्ट मागितलीत," मी म्हटलं, "आणि ती तुम्हीच घालवलीत. आता ट्रक भरला असेल. लेथ गेला. कुणाला दाखवू ते ताट? या डोंगराला?"

सासूबाईंनी ताटावरचं फडकं उचललं. आत झेंडू, नारळ, विड्याची पानं, हळदकुंकवाचा करंडा. फुलं मलूल झाली होती. त्यांनी बाटलीतलं पाणी ओंजळीत घेऊन फुलांवर शिंपडलं, एवढ्या शांतपणे, की जणू अजून वेळ आहे. ते बघून माझा राग गळून पडला नाही, पण त्याचं काय करावं तेही कळेना. मी गाडीच्या सावलीत खाली बसले. आम्ही दोघी बराच वेळ अशाच होतो, एक उन्हात आणि एक सावलीत, आणि 'इकडं या' म्हणायला मला जड जात होतं.

मग वरच्या वळणावरून जड गाडीचा घरघराट आला. ब्रेक दाबत दाबत उतरणारा ट्रक. सासूबाई उठल्या. ताट त्यांनी दगडावर ठेवलं, पदर खोचला आणि चालत जाऊन रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या.

"आई, बाजूला व्हा!"

"विट्यास्नं कराडला दुसरा रस्ता कुठं हाय?" त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या. "जाणार तर हितनंच जाणार."

एवढा वेळ त्या त्याचीच वाट बघत बसल्या होत्या. माझ्या डोक्यात कसं आलं नाही, देव जाणे.

ट्रक करकरत थांबला. चालकानं खिडकीतून डोकं काढलं. पिकलेली दाढी, डोक्याला रुमाल. "मावशी, मरायचं हाय का?"

"विट्याच्या वर्कशॉपातनं आलास न्हवं?"

त्याचा आवाज खाली आला. त्यानं त्यांच्याकडं पाहिलं, मग आमच्या लाल गाडीकडं, मग माझ्याकडं. "टर्नर अण्णांच्या घरच्या का तुमी? हणमंतरावांनी सांगितलंय, वाटंत लाल गाडी दिसली तर थांब म्हणून. म्या लई टाइम थांबवला ट्रक तिकडं. मालकाचा फोनवर फोन, मग निघालो."

नियाजभाई त्यांचं नाव. उतरल्याबरोबर त्यांनी आपला पाना काढून आणला, तो नटाशेजारी धरला आणि मान हलवली. "ह्यात तुमचं दोन नट बसत्याल," म्हणाले. मला त्याचं आता आश्चर्यही वाटलं नाही.

सासूबाई ट्रकच्या मागं गेल्या होत्या. नियाजभाईंनी फळका खाली पाडला. आत दोरांनी आवळलेली मशिनं दाटीनं उभी. एकाला झेंडूचा हार होता, आणि वरून खालपर्यंत कापड पांघरलेलं होतं. मोरपंखी रंगाचं, लाल काठाचं. तेलाचे डाग पडलेले, पण घडीच्या रेघा अजून दिसत होत्या.

"माझं इरकल," सासूबाई म्हणाल्या.

"ते हणमंतराव म्हणले, काढू नका," नियाजभाई सांगू लागले. "अण्णा रोज जाताना मशीन त्यानंच झाकून जायचे म्हणं. धूळ बसू नये म्हणून. पुसायला बाकीची फडकी, हे नुसतं झाकायला. कुणाला हात लावू द्यायचे न्हाईत."

सासूबाईंना वर चढवायला आम्ही एक खोकं उलटं ठेवलं. त्या चढल्या. लुगड्याचं टोक उचलून त्यांनी आत पाहिलं. हिरवट रंग उडालेलं, जुनं, बुटकं मशीन. एका बाजूची फिरवायची मूठ झिजून चकचकीत झालेली. त्यांनी त्या मुठीवर हात ठेवला आणि पुष्कळ वेळ तसाच ठेवला.

"एवढीच व्हय?" त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, लई मोठी आसंल."

मी ताट वर दिलं. त्यांनी फुलं वाहिली, विडा ठेवला. मग करंडा उचलला आणि माझ्यासमोर धरला.

"हणमंतरावांनी हार घातलाय, पर हळदकुंकू ठेवलंय तुमच्यासाठी," नियाजभाई खालून म्हणाले.

"लाव," सासूबाई मला म्हणाल्या. "तू सवाष्ण हायस."

मी करंड्याकडं पाहिलं. दोन महिने तो करंडा कपाटात वरच्या फळीवर होता. शेजारच्या बायका कुंकू लावायला आल्या की त्या आत निघून जायच्या आणि मी त्यांना बाहेर बोलवत नसे, कारण बोलावून काय करायचं ते मलाही ठाऊक नव्हतं. अण्णांनी आयुष्यभर या मशीनला जे कुंकू लावलं, ते सासूबाईंनीच दरवर्षी आपल्या हातानं करंड्यात भरून दिलं होतं. आता अण्णा नाहीत, म्हणून हात मागं.

मी दोन्ही पंजे उघडून त्यांच्यासमोर धरले. डिकीतलं वंगण मनगटापर्यंत आलेलं होतं.

"या हातांनी?" मी म्हटलं. "तुम्हीच लावा."

"पाणी हाय की माझ्याकडं," नियाजभाई म्हणाले, "साबण पण..."

मी त्यांच्याकडं नुसतं पाहिलं. ते जाऊन ट्रकचे टायर बघू लागले.

सासूबाई करंडा घेऊन थांबल्या. मग त्यांनी बोट बुडवलं, आधी हळद, मग कुंकू, आणि त्या झिजलेल्या मुठीच्या वर लावलं. कुंकू थोडं खाली ओघळलं. त्यांनी ते पुसलं नाही. "सवत माझी," म्हणाल्या, "माझंच लुगडं नेसून बसलीय."

नारळ नियाजभाईंनी रस्त्यावरच्या दगडावर फोडून दिला.

कराडपर्यंत त्यांच्या ट्रकमधूनच जायचं ठरलं. केबिनमध्ये जागा होती, पण सासूबाई मागं मशीनजवळच बसल्या. त्यांना एकटीला कशी सोडणार, म्हणून मीही बसले. उतारावर ट्रक हेलकावे खायचा, तेव्हा त्या एका हातानं लेथ धरायच्या आणि दुसऱ्या हातानं मला.

"पहाटं काय केलं, सांगू?" घाट उतरल्यावर त्या म्हणाल्या. "मला वाटलं, तिथं सगळी गडीमाणसं. कुंकू हणमंतराव लावणार. मी लांब उभी ऱ्हाणार. म्हटलं, आपल्या हातची दोन फुलं कुठं वाहायची? तर घरात तिचं म्हणून एकच हाय. त्यो पाना. ह्यांनी तिच्यावरच केलेला."

ते खरं होतं. गाडीबरोबर आलेला पाना आखूड होता, म्हणून अण्णांनी लेथवर दांडा काढून, पुढं तोंड वेल्ड करून स्वतः पाना बनवला होता. चांगला हातभर लांब, बोजड. मी त्या ध्यानाला हसले होते. "एवढा कशाला?" म्हटलं होतं. अण्णा म्हणाले होते, "तुझ्या हातानं नट सुटाया पायजे." निवृत्त होण्याआधी त्यांनी त्या मशीनवर केलेलं ते शेवटचं काम, हे मात्र मला ट्रकमध्येच कळलं.

"मग जॅक कशाला काढलात?" मी विचारलं.

"त्यो एकटा कसा बसवायचा? जोडीला नको का कुणी?"

धोंडीराम आणि माझ्या सासूबाई एकाच मातीचे.

गल्लीच्या तोंडाशी नियाजभाईंनी आम्हाला उतरवलं. लुगडं देऊ का, असं त्यांनी विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "असूद्या तिच्या अंगावर." ट्रक वळेपर्यंत त्या उभ्या होत्या. मग घरात आल्या.

देवघरात पाट होता. त्यावर जॅक, शेजारी तो लांब पाना, दोन्ही चिंचेनं घासून लख्ख केलेले. वर झेंडूची दोन-दोन फुलं. हळद नाही, कुंकू नाही. मी दारातच थांबले. पाना न्यायलाच आले होते, पण उचलायला हात होईना. एवढं सगळं झाल्यावर पूजा मोडायची माझी हिंमत नव्हती. "उद्या आणू गाडी," मी म्हटलं. "आज राहू दे. बसलेत ते."

सासूबाई खाली टेकल्या. करंडा उघडला. पान्याला कुंकू लावलं, जॅकला लावलं, आणि लगेच पाना उचलून माझ्या हातात दिला.

"उद्या दसऱ्याला उठवायचा ना?"

"गाडी रस्त्यात उभी हाय," त्या म्हणाल्या. "ह्यांनी काय पाटावर बसायला केला व्हता व्हय त्यो?"

शेजाऱ्यांच्या रिक्षातून आम्ही परत घाटात गेलो. त्याही आल्याच, मांडीवर ताटाऐवजी जॅक घेऊन. ऊन उतरलं होतं. त्या आपल्या मैलाच्या दगडावर जाऊन बसल्या आणि मी चाकाशी बसले. पाना नटावर घट्ट बसला. मी दांड्यावर पाय द्यायच्या तयारीनं उभी राहिले, मग आधी नुसत्या हातानं जोर देऊन पाहिला. नट सुटला. दुसराही सुटला. पाय एकदाही द्यावा लागला नाही. तळव्याला वंगण होतंच, आता कुंकूही लागलं.

स्टेपनी चढवली, नट आवळले, जॅक उतरवला. सासूबाई उठून आल्या, चाकाला हात लावून दोनदा हलवून पाहिलं.

"नीट बसलं," त्या म्हणाल्या.